अंधारात वाढवलेले उंदीर

सहा वर्षं मी उंदीर सांभाळले. त्या सहा वर्षांत माझ्या साड्यांचा वास काही गेला नाही. कॉलेजातून घरी आले की आई मला आधी न्हाणीत पाठवायची, मग चहा द्यायची. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून पलीकडं सरकायची. सुरुवातीला लाज वाटायची. पुढं तीही वाटेनाशी झाली. बसायला जागा ऐसपैस मिळते, एवढंच काय ते लक्षात यायचं.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बेडूक कापून दाखवायचा, झुरळाच्या लाळग्रंथी काढून दाखवायच्या, जर्नलवर सह्या करायच्या, हे माझं काम. आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एक दिवस बोलावून विचारलं, "पीएच.डी. करायची आहे का?" मी हो म्हटलं. कशावर, हे विचारायचंही मला सुचलं नाही. लग्नाचं वय टळत चाललेल्या, धाकट्या भावांची शिक्षणं मार्गी लावत बसलेल्या मुलीला तुला काय करायचं आहे, असं त्या काळी फारसं कुणी विचारत नसे.

सरांचे एक मित्र गावात डोळ्यांचे डॉक्टर होते. आजूबाजूच्या तालुक्यांतून त्यांच्याकडं अधूनमधून असा एखादा रोगी यायचा, की त्याच्या डोळ्याला मोतीबिंदू नाही, फूल नाही, वरून बघावं तर काहीच नाही. पण लहानपणापासून दिवेलागण झाली की चाचपडतो. तरुणपणी नजर कडेकडेनं आत मिटत येते. चाळिशीच्या आत नळीतून बघावं तेवढंच उरतं, आणि मग तेही जातं. हा दृष्टिपटलाचा आजार, रक्तातून येणारा. क्वचितच कुणाला होणारा, पण ज्या घरात शिरेल तिथं दोघातिघांना गाठणारा. औषध नव्हतं. डॉक्टर जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून द्यायचे. त्यांनी काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक असायचं.

माणसाचा जिवंत डोळा कापून आत काय चाललंय ते बघता येत नाही. पण अशाच तऱ्हेनं आंधळी होणारी उंदरांची एक जात होती. परदेशातून ती एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत आली होती, तिथून सरांनी चार जोड्या मागवल्या. रेल्वेनं, जाळी मारलेल्या लाकडी खोक्यांतून त्या आल्या. स्टेशनावर उतरवून घ्यायला मी आणि आमचे शिपाईमामा गेलो होतो. गुलाबी डोळे, पांढरं अंग आणि डोक्यावर फिकट तपकिरी टोपी घातल्यासारखा रंग. मामा शेतकरी घरातले, कागलच्या पलीकडं त्यांचं गाव. उसाच्या फडात उंदीर दिसला की टिकाव घालणारा माणूस. ते खोक्यात वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्येंच्यापायी एवढी टपालं लिवली व्हय सरांनी?"

या उंदराचं पिल्लू पंधराव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या दृष्टिपटलातल्या पेशी मरायला लागतात आणि दोन-अडीच महिन्यांत काम आटोपतं. माणसाच्या बाबतीत जे बघायला तीस वर्षं थांबावं लागेल, ते इथं एका उन्हाळ्यात दिसतं. सरांनी वाचलं होतं, की अशी पिल्लं जन्मापासून अंधारात वाढवली तर पेशी जरा सावकाश मरतात. आमच्याकडंही तसं होतं का आणि किती होतं, हा माझा विषय. विभागात फोटो धुण्यासाठी बांधलेली एक बिनखिडकीची खोली होती. तिच्या दाराला आम्ही काळं कापड दुहेरी लावलं, आत तांबडा झिरो बल्ब टांगला. तांबडा उजेड उंदराला फारसा दिसत नाही. निम्मे पिंजरे आत, निम्मे बाहेर.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं एवढंच. लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचा, पिंजरे धुवायचे, भिजवलेले हरभरे आणि गहू घालायचे, कुठल्या मादीला कधी पिल्लं झाली ते लिहायचं. ठरलेल्या दिवशी ठरलेली पिल्लं क्लोरोफॉर्मच्या बरणीत घालायची, डोळे काढायचे, औषधात मुरवायचे, मेणात बसवायचे. त्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोमवर पातळ काप काढायचे, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या ओळी मोजायच्या. चांगल्या डोळ्यात त्या दहा-बारा असतात. आमच्या उंदरांत त्या आठ होत, पाच होत, दोन होत, मग एखादी तुटकी ओळ राहायची, तीही जायची. मे महिन्यात मेण मऊ पडायचं आणि काप फाटायचे. मग मी सकाळी सातला जाऊन, उन्हं वर यायच्या आत कापायला बसायची.

मामा एकदा बरणी धुता धुता म्हणाले, "बाई, आंधळं करून कापायचं, का कापून आंधळं झालंय का बघायचं? नक्की काय हाय ह्ये?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग बराबर हाय," असं म्हणून ते बरणी पालथी घालून निघून गेले. ते थट्टा करत होते का, हे मला कधीच कळलं नाही.

रविवारी मी वही घेऊन एसटीनं रोग्यांच्या घरी जायची. सरांना त्या घरांच्या वंशवेली हव्या होत्या. कुणाला दिसत होतं, कुणाला नव्हतं, कुणाचं लग्न कुणाशी. मुरगूडला एक शेतकरी कुटुंब होतं, आजऱ्याकडं दोन होती, कागलला एक पिंजाऱ्यांचं. नात्यात लग्न सगळ्यांतच. मामाची मुलगी करायची पद्धत आमच्या भागात हिंदूंत आहे तशीच मुसलमानांतही. सीमेकडं सरकलं की मामा-भाचीचीही लग्नं. वहीत पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल काढताना रेघा फिरून पुन्हा त्याच घरात यायच्या. मला कागद पुरायचा नाही आणि घरातल्या म्हाताऱ्यांना कौतुक वाटायचं, की ही बाई आमच्या खापरपणजोबाचं नाव लिहून घेते आहे.

कागलचे पिंजारी म्हणजे दोन भाऊ. गाद्या भरायचं दुकान पुढं, राहतं घर मागं. थोरला पंचेचाळिशीचा, पुरता आंधळा. पण गादीला टाके घालताना त्याची सुई कधी चुकायची नाही. धाकटा सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, बोलका. समोरचं सगळं दिसायचं, पण बाजूनं कुणी आलं तर कळायचं नाही. रस्त्यानं सायकली येऊन धडकायच्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती, बायको मामाचीच मुलगी. पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हा थोरला आतूनच म्हणाला, "कोण पावणं? गादी का उशी?" मी कामाचं सांगितलं. तो हसून म्हणाला, "आमच्या घरातलं आंधळं मोजायला आलाय व्हय? मोजा की. बसा."

तीन वर्षं अशीच गेली. माझं वजन कमी झालं आणि चष्म्याचा नंबर वाढला.

एका दुपारी धाकटा पिंजारी कॉलेजात आला. डॉक्टरांकडं तपासून घ्यायला कोल्हापुरात आला होता आणि त्याला उंदीर बघायचे होते. त्या दिवशी मी पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लांच्या स्लाइडी मोजून नुकतीच उठले होते. उजेडातल्यांच्या डोळ्यांत जेमतेम दोन ओळी होत्या, अंधारातल्यांत पाच, कुठं सहाही. तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी स्वच्छ दिसलं होतं. सर परीक्षेच्या कामाला पुण्याला गेलेले. सांगायला कुणी नव्हतं.

त्यानं एक उंदीर हातावर घेतला. "ह्योच व्हय तो? आमच्यावानी डोळ्याचा?"

"हाच."

"आणि त्या काळ्या कापडामागं काय हाय?"

"तिकडं अंधारात वाढवलेले आहेत."

"अंधारात कशापायी?"

"अंधारात त्यांची नजर जरा जास्त टिकते," मी म्हटलं. "आजच दिसलं."

त्यानं उंदीर हळूच पिंजऱ्यात सोडला. "किती जास्त, बाई?"

"काही आठवडे."

"उंदराचं आठवडं म्हंजी माणसाची किती वर्सं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. असा हिशेब नसतो, एवढं तरी म्हणायला हवं होतं. कदाचित म्हटलंही असेल, आता आठवत नाही. पण उंदराचं आयुष्य आणि माणसाचं आयुष्य मनात मांडून मी गुणाकार केला आणि म्हटलं, "चार-पाच वर्षं म्हणा." मला बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझं काम विचारत होतं.

तो गेला. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बसले.

सात-आठ महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एक बाई लहान मूल कडेवर घेऊन विभागाच्या दारात उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायांत चपला होत्या त्याही तिनं दाराबाहेर काढल्या.

"उंदराच्या बाई तुम्हीच न्हवं?"

ती त्या धाकट्या पिंजाऱ्याची बायको. मी स्टूल पुढं केलं, पण ती बसली नाही. उभ्या उभ्याच बोलली.

"ते आत जाऊन बसल्यात. गाद्यांच्या खोलीत. खिडकीला गोणपाट ठोकलंय, दाराला वाकळ टांगलीया. जेवान आत. परसाकडं जायचं तर डोळ्याला फडकं बांधून, मी हात धरून न्यायची. दिवाळीपासनं असंच चाललंय. कुणी काय म्हटलं तर म्हंत्यात, उंदराला गुण आलाय, मला बी येतोय."

माझ्या हातात स्लाइडींचा खोका होता, तो मी टेबलावर ठेवला.

"ही पोरगी झाली," ती म्हणाली. "चार म्हयन्याची झाली आता. तिचं तोंड त्यांनी हातानं चाचपून बघितलंय. डोळ्यानं न्हाई बघितलं." मग आवाज अजिबात न चढवता, "मी भांडायला न्हाई आले. मला एवढंच सांगा, ह्ये खरं हाय का? खरं असंल तर मी गप बसते. आणखी चार वर्सं बी बसते. पर खरं हाय का?"

मी तिला तिथंच बसवून सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "चार-पाच वर्षं? तुम्ही आकडा सांगितलात?"

"हो."

ते मला बोलतील असं वाटलं होतं. बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आत्ता जा. तुमचं प्रॅक्टिकल मी घेतो."

एसटीत ती खिडकीशी बसली, मी शेजारी. अर्ध्या वाटेत तिनं पोरगी माझ्या मांडीवर दिली, कारण तिला पदरानं तोंड पुसायचं होतं. पोरगी माझ्या चष्म्याकडं बघत होती. माझ्या साडीच्या वासानं ती रडली नाही, याचंच मला नवल वाटलं.

दुकानाच्या पुढच्या बाजूला थोरला भाऊ गादीला टाके घालत बसला होता. माझी चाहूल लागली तसं त्यानं मान वर केली, पण या खेपेला पावणं म्हटलं नाही. मी वाकळ बाजूला करून आत गेले. अंधाराची मला सवय होती. आत शिरल्यावर दोन मिनिटं हलायचं नाही, हे पायांना ठाऊक होतं. कापसाचा वास, कोंदट गरमी, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "बाई व्हय? वासावरनं वळखलं."

मी खाली बसले. म्हटलं, "तुम्ही बाहेर या."

"का?"

"मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. माझी अंधारातली पिल्लं डोळे उघडायच्या आधीपासून अंधारात असतात. तुम्ही तीस वर्षं उजेडात काढलीत. आणि त्या पिल्लांचीही नजर शेवटी गेलीच."

"गेली?"

"सगळ्यांची. थोडी उशिरा, एवढंच."

बाहेर थोरल्याची सुई कापडातून ओढल्याचा आवाज येत होता.

"ह्ये तुम्ही तवा सांगितलं न्हाई."

"नाही."

"चार-पाच वर्सं म्हणालतासा."

"म्हणाले होते. ते मी म्हणायला नको होतं. मला माहीत नव्हतं. अजूनही माहीत नाही. कुणालाच नाही."

"मग मी हितं काय करतोय?" तो म्हणाला. रागानं नाही, खरोखर विचारल्यासारखं.

थोरला बाहेरून मोठ्यानं बोलला. "आरं, मला तुझ्याएवढं दिसत असतं तर मी घरात बसलो असतो व्हय मरायला? चौकात जाऊन बसलो असतो. आल्यागेल्याची त्वांडं बघत. डोळं दुखस्तवर बघितलं असतं!"

धाकटा बाहेर आला नाही. त्याच्या बायकोनं चहा केला, मी प्यायले, आणि चारच्या गाडीनं परत आले. गाडीत झोप लागली. असल्या दिवशी माणसाला झोप कशी लागते, हा प्रश्न मला कितीतरी दिवस पडत होता. पण लागली खरी.

तीन-चार दिवसांनी मामा गावाकडून येताना कागलला उतरले होते. त्यांनी सांगितलं, "आला भाईर. दुकानात बसलाय, टोपी डोळ्यावर वडून. डोळ्यातनं नुसतं पाणी गळतंय. मांडीवर पोरगी हाय." एवढं सांगून ते भुसा आणायला गेले.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी त्याला तपासलं. नजरेची नळी आणखी अरुंद झाली होती. उजेडात राहिला असता तर जास्त झाली असती का? सांगता येत नव्हतं. उंदरांचे मी दोन गट केले होते, एक आत, एक बाहेर. तो मात्र एकटाच होता. उजेडात ठेवलेला दुसरा तो कुठून आणणार? डॉक्टरांनी त्याला त्याच गोळ्या लिहून दिल्या.

यानंतर मी काम सोडून दिलं, असं सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. पण मी आणखी दोन वर्षं केलं. आणखी पिल्लं, आणखी ओळी. मन लागत नव्हतं, पण हात चालत होते. प्रबंधाच्या शेवटी मी स्वतःहून एक वाक्य घातलं, की यातले निष्कर्ष माणसांना लावू नयेत. तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. "हे कशाला? हे तर उघडच आहे." सर माझ्याकडं बघत होते. मी परीक्षकांना म्हटलं, "असू द्या, सर." त्यांनी असू दिलं. मला पदवी मिळाली, आईनं गल्लीत पेढे वाटले.

सर निवृत्त झाल्यावर नव्या प्रमुखांना ती खोली माशांच्या टाक्यांसाठी हवी होती. उंदीर कुणाला नको होते. मी दोन-तीन ठिकाणी पत्रं लिहिली, उत्तरं आली नाहीत. क्लोरोफॉर्मची बरणी लहान होती, म्हणून सगळे संपवायला दोन दिवस लागले. मामांनी कॉलेजच्या मागच्या बाजूला खड्डा काढला. काळं कापड खाली काढलं तेव्हा ती खोली किती लहान आहे हे मी पहिल्यांदा पाहिलं. भिंतींना ओल आली होती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मी तोवर लेक्चरर झाले होते, धाकटा पिंजारी पुन्हा आला. हातात काठी, दुसऱ्या हाताला सहा-सात वर्षांची मुलगी. आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. गाद्यांचं दुकान चालू होतं, दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून टाके घालत. मुलीला डॉक्टरांना दाखवून तो माझ्याकडं आला होता.

"डॉक्टर म्हणालं, हिला आतापत्तोर काय न्हाई. अंधाऱ्या खोलीत न्हेऊन बघितलं, सगळं वळखलं तिनं. तुम्हाला सांगावं म्हटलं."

मी मुलीला नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग मी त्याला समजावून सांगितलं, की मुलीला स्वतःला दिसत असलं तरी वडिलांकडून आलेलं ते बीज तिच्यात आहेच. दुसऱ्या बाजूनंही तसंच बीज आलं, तरच पोरं आंधळी होतात. उंदरांत मी हे करून पाहिलं होतं. आंधळा आणि बाहेरच्या जातीची डोळस मादी, सगळी पिल्लं डोळस. हे बोलताना मी प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. हे मला माहीत आहे ना, असं स्वतःला विचारून पुढं जात होते.

"म्हंजी हिला नात्यात द्यायची न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"त्ये आमी भावाभावांनी कवाच ठरवलंय. तुमची ती रेघांची वही बघून थोरल्याच्या पोरानं सांगितलं, सगळ्या रेघा घरातच फिरत्यात. हिच्या आईला पटत न्हवतं, तिला भाच्याला द्यायची हुती. आता पटलंय."

मी चहा मागवला. त्या गाद्यांच्या खोलीतल्या महिन्यांबद्दल तो काही बोलला नाही. बोलेल असं मला वाटत होतं, थोडी भीतीही होती. त्यानं फक्त एकदा विचारलं, "उंदीर हायती का अजून?" नाहीत म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाला. ते उंदरांसाठी होतं की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.

जिना उतरताना मुलगी पुढं होती, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागं. गाडी सहाची होती. मी वर आले आणि पेपर तपासायला बसले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे. आनुवंशिकतेच्या प्रश्नाला निम्म्या पोरांनी हातच घातला नव्हता.